जीपच्या काढत्या टपाची बाजूची काच दर पावसाळ्यात फुटत असेल तर

तीन पावसाळ्यांत तीन काचा गेल्या आणि तिन्ही एकाच खिडकीच्या, डाव्या बाजूच्या. उजव्या बाजूची काच मात्र मामांनी जीप घेतली तेव्हापासून आहे तशीच आहे. काच फुटली की नवी बसवायची, वरून सिलिकॉन फासायचे आणि पुढच्या आषाढात पुन्हा तेच करायचे, असा क्रम सुरू होता. असाच अनुभव ज्यांना येत असेल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे, कारण दोष काचेत नव्हता आणि तो शोधायला लागलेली साधने मोजपट्टी, कणकेचा गोळा आणि भाताच्या गिरणीचा जुना पट्टा एवढीच होती.

जीप खानापूर तालुक्यात असते. महिंद्राची सीजे-3बी, उंच बॉनेटची. विलीज कंपनीने हा नमुना अमेरिकेत 1953 साली आणला आणि तिकडे 1968 मध्ये त्याचे उत्पादन थांबले. आपल्याकडे मात्र महिंद्राने तो पुढेही कित्येक वर्षे बनवला, म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात शेतावर आणि रानवाटांवर राबलेल्या या जीपा अजून दिसतात. गाडी मुळात ताडपत्रीच्या हुडाची. पत्र्याचा टप नंतर कोणा बॉडीवाल्याने हाताने घडवलेला आहे, आणि तो आठ बोल्टांनी टबावर, म्हणजे जीपच्या वरून उघड्या बॉडीवर, बसतो. कर्नाटकी बेंदराच्या आधी टप चढवायचा आणि दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालण्यापूर्वी उतरवायचा, असा मामांचा शिरस्ता आहे. कणकुंबी, जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ताडपत्री तिथे का पुरत नाही हे सांगायला नको.

हाताने घडवलेल्या टपाची अडचण अशी की त्याच्या काचेला पार्ट नंबर नसतो आणि तयार काच कुठल्याही दुकानात मिळत नाही. दर वेळी मापे घ्यावी लागतात, आणि जो मापे घेतो तो आधी फुटलेल्या काचेवरूनच घेतो. पहिल्याची चूक अशा रीतीने दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडे जशीच्या तशी जाते.

फुटण्याची तऱ्हा

पहिली काच साधी होती, 4 मिमीची, कपाटाला लावतात तसली. ती कोणी बसवली हे आता सांगत नाही. पण वाहनात असली काच बसवणे हा नुसता नियमभंग नाही, तर शेजारी बसलेल्याच्या गळ्याशी सुरी ठेवण्यासारखे आहे. ती मागच्या खालच्या कोपऱ्यातून तिरपी तडकली. दुसरी टफन्ड बसवली. ती जुलैमधल्या एका रात्री, गाडी गोठ्याशेजारी उभी असताना, कोणीही हात न लावता फुटली आणि सकाळी सीटवर साखरेच्या खड्यांसारखे तुकडे पसरलेले दिसले. घरात यावर दृष्ट लागण्यापासून माकडापर्यंत सर्व कारणे सुचवून झाली. तिसरी आम्ही लॅमिनेटेड घेतली, आणि तिने मात्र जागेवर राहून साक्ष दिली, कारण लॅमिनेटेड काच तडकली तरी दोन थरांमधल्या प्लास्टिकच्या पापुद्र्याला चिकटून राहते आणि तडा कुठून निघाला ते बोटाने मागे मागे जात शोधता येते. तो पुन्हा मागच्या खालच्या कोपऱ्यातूनच निघाला होता.

टफन्ड काच न शिवता कशी फुटते, हे समजून घेतले की पुढचे बरेच सोपे होते. ही काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली असते. त्यामुळे तिचा बाहेरचा थर कायमचा दाबाखाली आणि आतला गाभा कायमचा ताणाखाली राहतो. मधोमध बुक्की मारली तरी ती सहन करते, पण तिच्या काठाला, विशेषतः कोपऱ्याला, कठीण धातूचे लहानसे टोक टोचले आणि ते आतल्या ताणलेल्या गाभ्यापर्यंत पोहोचले, की सबंध काच एका क्षणात मोकळी होते. दिवसभर खड्ड्यांतून आदळून काठाला पडलेली कपची रात्री थंडावताना पुढे सरकू शकते. त्यामुळे उभ्या गाडीची काच फुटली तर बाहेरच्या माणसावर संशय घेण्याआधी काठाला काय टेकत होते ते पाहावे.

उन्हाने काच तापून फुटते असे आमच्याकडे सर्रास म्हणतात. हिशेब करून पाहिला. 600 मिमी लांबीची काच 40 अंशांनी तापली तर सुमारे 0.2 मिमी वाढते, आणि तेवढाच लांब लोखंडी पत्रा सुमारे 0.3 मिमी. दोहोंतला फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, आणि मध्ये रबर असताना त्याने काहीही बिघडत नाही. खडा उडाला असता तर खूण काचेच्या अंगावर असती, काठावर नसती. जाड काच घाला, हाही सल्ला मिळाला. पण वाकड्या चौकटीत जाड काच जास्तच हटवादी होते, कारण ती कमी लवते.

शेवटी बेळगावच्या शहापुरातल्या एका वयस्क काचवाल्याकडे चौथ्या काचेची चौकशी करायला गेलो, तेव्हा त्यांनी फुटलेली लॅमिनेटेड काच उजेडात धरली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “काच बदलून काय होतंय ओ? भोक बघा की आधी.”

खिडकी मोजण्याची पद्धत

खिडकीचे भोक चौकोनी आहे की तिरपे झाले आहे, हे दोन कर्णांवरून कळते. पण खिडकीचे कोपरे गोल असल्यामुळे पट्टीचे टोक कुठे टेकवायचे हा प्रश्न येतो, आणि गोल कोपऱ्यावरून घेतलेल्या मापात दोन-तीन मिलिमीटरची चूक सहज होते. म्हणून भोकाच्या चारही सरळ बाजूंपासून 20 मिमी बाहेर पत्र्यावर पेन्सिलने रेघा मारल्या आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे पंचने चार बारीक ठिपके पाडले. आमचे भोक 640 बाय 340 मिमी आहे; त्यामुळे ठिपक्यांचा आयत 680 बाय 380 झाला आणि त्याचा कर्ण हिशेबाने 779 मिमी यायला हवा.

टप उतरवून अंगणात सपाट फळ्यांवर ठेवला तेव्हा एक कर्ण 779 आणि दुसरा 780 भरला. हाताच्या कामात एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. मग तोच टप गाडीवर चढवला, आठही बोल्ट नेहमीसारखे कचकचून आवळले आणि पुन्हा मोजले. 777 आणि 782. पाच मिलिमीटरचा फरक, तोही केवळ पाना फिरवल्याने. उजव्या बाजूला हाच फरक दीड मिलिमीटर होता.

इथे सगळे उलगडले. आतापर्यंत प्रत्येक वेळी काच बसवली गेली ती टप जमिनीवर असताना, कारण तसे काम करणे सोयीचे असते. त्या वेळी भोक चौकोनी असे आणि काच सुरेख बसे. मग बेंदराच्या आधी टप गाडीवर जाई, बोल्ट आवळले जात, भोक समांतरभुज होई आणि काच मात्र आयतच राही. चार कोपऱ्यांपैकी दोन आक्रसत, आणि त्यांतला मागचा खालचा कोपरा काचेला चावत असे. पहिल्या पावसात चोर्ला घाटाच्या वाटेवरचे खड्डे उरलेले काम पुरे करीत.

टप असा का ओढला जातो, त्याचे कारण टबाच्या कडेत होते. पुढून मागे दोरा ताणून पाहिला तर डावी कड मागच्या कोपऱ्यात खाली गेलेली दिसली. कधीतरी तिथे मागून धक्का बसला असावा आणि पत्रेकाम करताना उंची पुरती मिळाली नसावी. बोल्ट आवळताना टप त्या खड्ड्यात उतरत होता, आणि टपाच्या बाजूच्या पत्र्यात सर्वांत कमजोर जागा म्हणजे खिडकी, त्यामुळे सगळा पीळ तिथेच जमा होत होता.

रबर काढल्यावर दुसरा दोष सापडला, आणि तो डोळ्यांपेक्षा नखाला आधी लागला. मागच्या खालच्या कोपऱ्यात गंजलेली कड कापून कोणीतरी पत्र्याचा तुकडा जोडला होता. त्या जोडावर, रंगाच्या चार थरांखाली, ज्वारीच्या दाण्याएवढा वेल्डिंगचा गोळा तसाच राहिला होता. रबराच्या खाचेत त्या ठिकाणी आतून एक चकचकीत खळगा पडलेला होता आणि खळग्याच्या तळाशी रबर कागदाइतके पातळ झाले होते. नुसता गोळा असता तर काच कदाचित टिकली असती. टप पिळून कोपरा त्याच गोळ्यावर दाबला जात होता, ही खरी गोम.

आधी टप, मग काच

टबाची कड तोडून नव्याने घडवणे हा खरा उपाय, परंतु त्यासाठी निम्मी गाडी उघडावी लागते. आम्ही पॅकिंगचा मार्ग धरला. कुठे किती पॅकिंग लागेल हे कळण्यासाठी मामींकडून घट्ट मळलेली कणीक घेतली, तिचे लिंबाएवढे आठ गोळे प्लास्टिकच्या पिशवीच्या तुकड्यांत गुंडाळले आणि प्रत्येक बोल्टाच्या भोकाशेजारी एकेक ठेवला. चौघांनी टप अलगद उचलून वर ठेवला आणि बोल्ट न लावता, केवळ स्वतःच्या वजनाने त्याला बसू दिले. पुन्हा उचलून चपटे झालेले गोळे व्हर्नियरने मोजले. सात ठिकाणी जाडी 3 ते 4 मिमी होती. डाव्या मागच्या कोपऱ्यात ती 10 मिमी भरली.

म्हणजे त्या कोपऱ्याला इतरांपेक्षा साधारण 6 ते 7 मिमी जास्त आधार हवा होता. भाताच्या गिरणीचा टाकून दिलेला कॅनव्हास-रबरी पट्टा यासाठी उत्तम, कारण तो आवळला तरी फारसा दबत नाही आणि पाण्याने कुजतही नाही. स्पंजासारख्या मऊ रबराचे पॅकिंग मात्र इथे निरुपयोगी आहे. ते बोल्टाखाली चपटे होते आणि टप पुन्हा पूर्वीच्याच खड्ड्यात उतरतो. सर्व ठिकाणी पट्ट्याचा एकेक थर आणि मागच्या कोपऱ्यात दोन जास्त असे लावले. तिथला दुसरा थर बोल्टापुरता न ठेवता फूटभर लांब ठेवून पुढच्या टोकाला चाकूने तासून उतरता केला, कारण एकाच ठिकाणी उंचवटा दिला तर पीळ जागा बदलतो, जात नाही.

बोल्ट आवळण्याची रीतही बदलली. पूर्वी मामा पुढच्या बोल्टापासून सुरुवात करून एकेक पूर्ण आवळत मागे येत, म्हणजे उरलेला सगळा ताण शेवटच्या बोल्टाशी जमा होई. आता आठही बोल्ट आधी बोटांनी बसवतात, मग मधल्यांपासून बाहेर, डावा-उजवा आलटून पालटून, तीन फेऱ्यांत आवळतात. डोक्याखाली रुंद वायसर आणि खाली आपोआप सैल न होणारे नायलॉक नट असल्यामुळे जीव खाऊन आवळण्याची गरज उरत नाही. एवढे झाल्यावर कर्ण 779 आणि 780 आले, टप गाडीवर असताना.

खिडकीच्या कडेचे काम तसे नेहमीचेच आहे. वेल्डिंगचा गोळा आणि जोडाची धार कानसीने सपाट केली, गंज चकाकत्या पत्र्यापर्यंत खरवडला, झिंक प्रायमर आणि दोन हात रंग दिला. एकच सूचना करावीशी वाटते: रंग पूर्ण वाळल्याशिवाय रबर चढवू नये. पावसाळी हवेत ऑइलपेंट वरून वाळल्यासारखा दिसतो आणि आत ओला असतो. त्यावर रबर बसले की ते चिकटते आणि पुढच्या वेळी काढताना रंगाची साल घेऊन येते. आम्ही आठवडाभर थांबलो.

साचा आणि माप

साचा टप गाडीवर असताना, बोल्ट आवळलेले असतानाच घ्यावा. पुठ्ठा वापरू नये, कारण आपल्याकडच्या दमट हवेत तो रात्रीत फुगतो. सुताराकडे सनमायकाचे तुकडे पडलेले असतात. ते कडक असतात आणि माप सोडत नाहीत. सनमायका भोकावर बाहेरून धरून आतून पेन्सिलने कड उतरवून घेतली, की भोकाचा खरा आकार मिळतो, कोपऱ्यांच्या गोलाईसह.

त्यातून काचेचे माप काढताना रबराचा छेद हातात हवा. जे रबर लावणार त्याचाच बोटभर तुकडा कापून पाहावा. त्याचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो, एका खाचेत पत्र्याची कड बसते, दुसऱ्या खाचेत काच, आणि दोन्ही खाचांमध्ये एक भिंत असते. आमच्या रबराची भिंत 5 मिमीची होती. म्हणजे 640 बाय 340च्या भोकाला काच 630 बाय 330पेक्षा मोठी चालणारच नाही, आणि हाताच्या कामासाठी प्रत्येक बाजूला आणखी एक मिलिमीटर सोडला तर 628 बाय 328. जुनी काच मोजली तेव्हा ती 634 बाय 334 निघाली! पाच मिलिमीटरच्या भिंतीला तीन मिलिमीटरच्या जागेत कोंबून ती बसवलेली होती. एक मिलिमीटर कमी केल्याने काच निसटेल अशी भीती बाळगू नये. खाच आठ-नऊ मिलिमीटर खोल असते, पकड भरपूर उरते. कोपऱ्याची गोलाईही भिंतीच्या जाडीएवढीच कमी करावी लागते, नाहीतर सरळ बाजू बरोबर बसतात आणि कोपऱ्यात फट राहते.

यापुढचा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. काच कापायला देण्याआधी त्याच मापाचा 4 मिमी प्लायवूडचा तुकडा कापला, काठाला चिकटपट्टीचे वेढे देऊन तो काचेच्या जाडीचा केला, काठावर खडूची पूड चोळली आणि खरे रबर लावून तोच खिडकीत बसवला. दोन दिवस गाडी तशीच वापरली. जांबोटीपर्यंत जाऊन आलो, गावच्या ओढ्याच्या चढावर मुद्दाम एक चाक उचलेल अशी नेली. तुकडा काढल्यावर खडू सगळीकडे सारखा पुसलेला दिसला तर माप बरोबर आहे. एखाद्या कोपऱ्यात लाकूड चकचकीत झाले असेल तर तिथे अजून दाब आहे. आमच्या वरच्या पुढच्या कोपऱ्यात थोडी चमक आली होती, तिथली गोलाई मिलिमीटरभर वाढवली. प्लायवूडचा तुकडा कानसीने दुरुस्त होतो. टफन्ड काच एकदा भाजून आली की तिच्यातून केसभरही कमी करता येत नाही.

डाव्या आणि उजव्या खिडकीसाठी वेगळे साचे करावेत आणि प्रत्येकावर वर, पुढे, बाहेर असे लिहावे. हाताने केलेल्या टपाच्या दोन खिडक्या जुळ्या बहिणी दिसतात, पण नसतात.

काच कोणती

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 100 प्रमाणे वाहनात साधी काच चालत नाही, आणि बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के, तर पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश पार व्हायला हवा. काळी फिल्म चिकटवण्याला सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली मनाई केली होती, तेव्हा उन्हाचा त्रास होतो म्हणून फिल्म लावण्याच्या नादी लागू नये. हवी तर मुळातच हलक्या रंगाची काच घ्यावी. काचेच्या कोपऱ्यात आयएस 2553चा शिक्का पाहून घ्यावा.

टफन्ड की लॅमिनेटेड, यावर मतभेद आहेत. टफन्ड हलकी, धक्क्याला मजबूत आणि फुटली तरी बोथट तुकड्यांत फुटणारी. लॅमिनेटेड थोडी महाग आणि जाड, पण कसबी कारागीर ती कापून लहान करू शकतो, आणि तडकली तर कुठून तडकली हे सांगते. ज्या टपाचा पीळ अजून पुरता तपासलेला नाही, त्यात मी लॅमिनेटेडच घालीन. आम्ही चौथीही सुमारे 5 मिमीची लॅमिनेटेड घेतली आणि काठ चारही बाजूंनी घासून घेतले, कारण कापलेल्या कच्च्या काठावरची बारीकशी कपचीच पुढे तडा होते. जाड काच घेतली तर रबरही तेवढ्या खाचेचे घ्यावे लागते. चार मिलिमीटरच्या खाचेत पाचाची काच बसते, पण रबराचे ओठ उघडे राहतात आणि पाणी तिथूनच आत येते.

बसवण्याचे काम

रबर शक्यतो ईपीडीएमचे, म्हणजे एका प्रकारच्या कृत्रिम रबराचे, घ्यावे. ऊन-पावसात ते साध्या रबरापेक्षा पुष्कळ टिकते. रबर काचेभोवती गुंडाळून लांबी घ्यावी आणि 10 मिमी जास्त ठेवून, टोके अगदी काटकोनात कापावीत. ही जादा लांबी टोकांना एकमेकांवर दाबून ठेवते. ताणून बसवलेले रबर काही महिन्यांत आक्रसते आणि जोड उघडतो. जोड काचेच्या वरच्या बाजूला मध्यभागी घ्यावा, टपाच्या पन्हळीच्या आडोशाला. खालच्या बाजूला घेतला तर साचलेले पाणी सतत त्याच्याशी खेळत राहते.

मग रबराच्या बाहेरच्या, म्हणजे पत्र्याकडच्या खाचेत 4 मिमी जाडीची गुळगुळीत नायलॉन दोरी भरावी. अडीच मीटर पुरते. दोरीची दोन्ही टोके खालच्या बाजूला मध्यभागी वीतभर एकमेकांवर येऊन आतल्या बाजूला लोंबती राहतील असे पाहावे. पत्र्याच्या कडेला आणि खाचेला साबणाचे पाणी सढळ हाताने लावावे. तेल, ग्रीस किंवा डिझेल अजिबात लावू नये, रबर फुगते.

या कामाला दोन माणसे लागतात आणि त्यांचे एकमेकांशी पटायला हवे. मामा बाहेरून दोन्ही तळहातांनी काच खालच्या कडेवर दाबून उभे राहिले आणि मी आत बसून दोरीचे एक टोक काचेच्या मध्याकडे, काटकोनात, हळूहळू ओढू लागलो. दोरी जिथून निघते तिथे रबराचा आतला ओठ उलटून पत्र्याच्या कडेवर चढतो, आणि तो चढताना ओल्या रबराचा एक बारीक चुपचुप आवाज येतो. तो थांबला की ओढणेही थांबवायचे, कारण ओठ कुठेतरी अडकलेला असतो. बाहेरच्याने दाब नेमका त्याच ठिकाणी, दोरीच्या बरोबर सरकत द्यायचा. खालची बाजू, मग दोन्ही उभ्या बाजू, शेवटी वरची. कोपऱ्यात घाई केली की ओठ फाटतो. “मामा, कोपऱ्यात दाबा की,” एवढेच वाक्य मी त्या अर्ध्या तासात वीसदा म्हटले असेन. स्क्रू ड्रायव्हरने ओठ उचलण्याचा मोह टाळावा. तसे करायचेच झाले तर चमच्याची बोथट दांडी घ्यावी.

पूर्ण बसल्यावर तळहाताने काच चारही बाजूंना हलकेच थापटावी, म्हणजे ती मध्यावर येते. आधीच्या कारागिराने ओतलेले सिलिकॉन खरवडण्यात आमचा एक दिवस गेला होता. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे ते सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज चढवते आणि लॅमिनेटेड काचेच्या काठाशी तर ते नकोच. लावायचेच असेल तर न्यूट्रल प्रकारचे, तेही रबराच्या बाहेरच्या ओठाखाली बारीक रेघेत, आणि आधी पाण्याची परीक्षा घेऊन गरज असेल तेवढ्याच जागी.

परीक्षा पाइपच्या फवाऱ्याने घेऊ नये. आत खिडकीखाली वर्तमानपत्र चिकटवून बाहेरून तांब्याने पाणी सोडावे, प्रथम खालच्या कडेवर, पाच मिनिटे थांबून बाजूंवर, आणि शेवटी वर. ज्या टप्प्याला कागद भिजेल तिथे गळती. आमचा कागद वरच्या टप्प्यापर्यंत कोरडा राहिला आणि मग भलत्याच ठिकाणी, खिडकीपासून चार बोटे पुढे भिजला. ती गळती पन्हळीच्या स्क्रूमधून होती, आणि इतकी वर्षे तिचा आळ खिडकीवर होता.

टप फायबरचा असेल तर दोन गोष्टी वेगळ्या. त्याची कड कुठे चार तर कुठे सहा मिलिमीटर जाड असते, त्यामुळे ती आधी घासून एकसारखी करावी लागते; आणि फायबर उन्हात लोखंडाच्या साधारण दुप्पट वाढते, म्हणून तिथे काच घट्ट चिकटवण्यापेक्षा रबरातच मोकळी ठेवलेली बरी. सरकत्या काचा असतील तर आधी खालच्या चॅनेलची पाणी जायची भोके तारेने मोकळी करावीत. निम्मी तक्रार तिथेच संपते.

टप उतरवताना तो खिडकीत हात घालून उचलायचा नाही, हे चौघांनाही आधी सांगावे लागते, कारण खिडकी ही हाताला सर्वांत सोयीची जागा असते आणि प्रत्येकाचा हात आपोआप तिथेच जातो. खालच्या कडेला धरून उचलावा आणि भिंतीला तिरपा न टेकवता, बोल्टांच्या जागी येतील अशा सपाट लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवावा. आठ महिने एका कोपऱ्यावर रेललेला टप तसाच पीळ धरतो. पॅकिंगचे तुकडे आपापल्या जागी चिकटवून ठेवावेत, नाहीतर पुढच्या वर्षी कोणता कुठला यावर वाद होतो.

चौथ्या काचेने आता दोन पावसाळे काढले आहेत. टपाच्या आतल्या बाजूला, डाव्या खिडकीच्या वर, मामांनी पांढऱ्या ऑइलपेंटने 779 आणि 780 असे दोन आकडे लिहून ठेवले आहेत. टप चढवून बोल्ट आवळले की आधी पट्टी काढायची, चार ठिपक्यांवरून कर्ण मोजायचे, आणि फरक दोन मिलिमीटरच्या वर गेला तर गाडी अंगणाबाहेर न काढता मागचा डावा बोल्ट सैल करून पॅकिंग पाहायचे. यंदा पहिल्या खेपेस 778 आणि 781 आले. वरचा पट्टा अर्धा इंच पुढे सरकलेला होता.